लेकुरवाळ्यांची गोधडी

लढाईच्या त्या वर्षांत कापड कंट्रोलवर गेलं आणि नरडाण्याजवळच्या आमच्या गावात चिंधीलाही भाव आला. मी तिसऱ्यांदा पोटुशी होते. आधीचे दोन मुलगे पाळण्यातच गेले होते. त्यांची दोन झबली तेवढी मी जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यात तळाशी ठेवली होती. येणाऱ्या बाळाच्या गोधडीत ती शिवायची, भावांची ऊब त्याला मिळेल, असं मी मनाशी ठरवलं होतं.

पण गोधडी थोरल्या जावेनं शिवायला घेतली. पोटुशीनं बाळासाठी सुई धरायची नसते, म्हणाली. हा नियम तिला नेमका तेव्हाच कसा आठवला, देव जाणे! तिला मूलबाळ नव्हतं. शेजारीण येता-जाता माझे कान भरायची, "जपी ऱ्हाय वं. वांझनी नजर चांगली नही." मी मुळातच संशयी. दूध घेताना मापात बोट बुडालं का, हे बघणारी. त्यात हे.

जाऊ माजघराच्या कोपऱ्यात शिवत बसायची आणि मी आत गेले की गोधडी मांडीखाली सारायची. दुपारी फडकी मागायला गावभर हिंडायची. घरात गाठोडं भरलेलं असताना परक्यांच्या चिंध्या कशाला? एकदा ती बाहेर गेलेली पाहून मी गाठोडं सोडलं. लुगडी जिथल्या तिथे. झबली गायब!

मेलेल्या लेकरांचे कपडे कोणी नेतं ते करणी करायलाच, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. मी तिची गोधडी उलगडली. धावदोरा बारीक आणि सरळ, नाव ठेवायला जागा नाही. एका कडेची शिवण उसवून आत हात घातला. शेजारणीचं हिरवं लुगडं सापडलं, सुतारणीचं सापडलं, सगळ्या आळीचं सापडलं. आमच्या घरातला एक धागा नव्हता. मग झबली गेली कुठे? त्या दिवसापासून तिच्या हातचं पाणीसुद्धा मी हुंगून प्यायची.

मला मुलगी झाली. बारशाच्या सकाळी जावेनं गोधडी पुढे केली. मी मुलीला छातीशी घट्ट धरलं आणि विचारलंच, "अक्का, मन्हा पोरेसना झबला तुम्ही लिधात ना?"

तिनं नाही म्हटलं नाही. "हा, मी लिधात. तू त्या झबला गोधडीले लाई देती. ज्या घरमा पोरे जगेल शेतस, त्याच घरनं फडकं हाई गोधडीले लागस. तुन्हं नको. मन्हं बी नको."

"मग टाकी कोठे दिधात?"

"फेकाले मन्हा हात नही उठना. मन्ही उशीमा शेतस."

मी जाऊन तिची उशी चाचपली. कापसात दोन घड्या हाताला लागल्या. इतके दिवस ती माझ्या मुलांना उशाशी घेऊन झोपत होती. मला तिचा राग आला, हेवा वाटला आणि रडूही आवरेना. झबली मी परत मागितली नाहीत. मुलीला गोधडीत गुंडाळलं आणि जावेच्या मांडीवर दिलं. दिलं, पण तिथून हलले नाही.