मागच्या बाजूचे आजोबा

दार वाजत होतं आणि मी आतून दाराला पाठ लावून उभी होते, कडी लावलेली, साखळी लावलेली, तरी हातानं पण दाबून धरलेलं. बाहेर एक म्हातारा माणूस, तळहातानं, थांबून थांबून. धप. मग काहीच नाही. मग परत धप.

"बाय, दार उघर. मी आयलू."

असं घरच्यासारखं बोलत होता ना, त्यानंच मला जास्त घाम फुटला. ओरडला असता तर मी पण ओरडले असते.

"आंबा कुठं गेला, बाय? दारान आंबा व्हता."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. बदलापूरला, शिरगावात, नवी बिल्डिंग आहे, भाड्यानं. दारात आंबा कसला, दारात लिफ्ट आहे ती पण बंद. मजल्यावर चार दारं, दोन घरांत अजून कुणी आलंच नाहीये, तिसऱ्या घरातले दोघंही ड्युटीला. माझा नवरा अंबरनाथला कंपनीत, शिफ्ट सुटेपर्यंत त्याचा फोन लॉकरमध्ये. भर दुपार, ऊन नुसतं पांढरं, आणि बिल्डिंगमध्ये एक आवाज नाही, फक्त तो.

पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी साखळी ठेवून जरा उघडलं होतं. पांढरे केस दिसले, एक डोळा दिसला, लगेच लोटलं. पण माझ्या कमरेजवळून माझ्या पोरीनं पण बघितलं. दुसरीत आहे ती. आत पळाली आणि रफ वही घेऊन आली.

"आई, हे माझ्या वहीतले आजोबा आहेत."

मला ते ऐकून कसंतरीच झालं. कारण खरंच होते.

सांगते. मी सकाळी अंबरनाथ पूर्वेला एका झेरॉक्सच्या दुकानात झाडलोट करते. मालक सिंधी काका आहेत. बिघडलेले कागद मी फेकत नाही, एक बाजू कोरी असते ना. माझं माहेर उल्हासनगरचं, तिथं चिंधी पण कुणी फुकट टाकत नाही. काका म्हणायचे, "ले जा बेटा, तेरा तो झाडों के साथ रिश्ता है." नवरा म्हणायचा, "आली रद्दीची राणी." म्हणू दे. पोरीच्या शाळेत पण कागद वाचवा चालू होतं, सगळ्या नोटिसा मोबाईलवर, आणि बाईंनी सांगितलेलं की पाठकोरे कागद आणा, रफ कामाला.

मग एकदा दुकानात हा गठ्ठा आला. एका आजोबांचा फोटो, वर लिहिलेलं, आपण यांना पाहिलंत का? आणि खाली बारीक अक्षरात माहिती, फोन नंबर. फोटो फार काळा आला म्हणून गिऱ्हाइकानं दुसरे काढून घेतले, हे माझ्याकडे आले. मी सातवीपर्यंत शिकलेय, वाचता येतं मला. वाचलं पण होतं. पण रद्दीतलं वाचलेलं आपण कुठं धरतो? मी ते मधोमध कापले, दोन लहान वह्या होतात ना. खालचे अर्धे शाळेत दिले, बाईंनी ते वर्गातल्या पोरांना रफ वह्यांना वाटले. वरचे, तोंडाचे, घरी ठेवले. माणसाचं तोंड शाळेत कसं द्यायचं, असं वाटलं मला. बस, एवढंच डोकं चाललं.

तेव्हापासून ते आजोबा घरात होते. पोरगी खिडकीपाशी अभ्यासाला बसली की उजेडात तिच्या बेरजांच्या मागून तो काळा चेहरा वर यायचा. डोळ्यांच्या जागी नुसते खड्डे. एकदा तिनं कोऱ्या बाजूनं तो गिरवला पण, म्हणजे आता दोन्ही बाजूंनी बघायचा. मी वही उलटी ठेवायची. उलटी कशी ठेवणार, दोन्हीकडे तोच.

आणि आता तो दारात. धप.

वही उघडली, पान उलटलं, चेहरा, चेहरा, चेहरा. नंबर एकावर पण नाही. नंबर सगळे शाळेत.

शाळेच्या ग्रुपवर टाकावं तर तिथं फक्त बाईंना लिहिता येतं. पोलिसांचं, खरं सांगते, सुचलंच नाही. पोरीच्या वर्गातल्या एकीच्या आईला फोन लावला.

"अगं, तुझ्या पोरीची रफ वही बघ, मागून बघ, नंबर आहे का!"

"काय झालं? रडतेस का?"

"बघ ना गं आधी!"

"थांब, दप्तर कुठं टाकलंय मेलीनं... हां. अय्या, हे काय, हरवलेल्या माणसाचं आहे?"

ती एकेक आकडा सांगत होती, मी भिंतीवर पेन्सिलनं लिहीत होते. शेवटचा आकडा लिहिला तेव्हा लक्षात आलं, दार वाजत नाहीये.

तरी मी आधी फोनच केला. दार नाही उघडलं.

एका बाईनं उचलला. आजोबांची मुलगी. मी बोलले तशी ती रडायलाच लागली. "घरात घेतलंत ना ताई? पाणी दिलंत ना?"

मी म्हटलं, "हो. बसवलंय."

मग उघडलं. कुणी नाही. जिन्यात नाही, गच्चीत नाही, खाली वॉचमन म्हणाला मी तर इथंच आहे, कुणी आलं नाही न गेलं नाही.

ती बाई रिक्षानं आली, धापा टाकत. मी सांगितलं, मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात उठून गेले. तिनं विचारलं, कुठं बसले होते? मी प्लास्टिकची खुर्ची दाखवली. तिनं खुर्चीवर हात ठेवला, असा पसरून, जसं आपण पोराचं अंग गरम आहे का बघतो. आणि ठेवूनच उभी राहिली.

मी आंब्याचं सांगितलं. ती म्हणाली, "इकडंच कुठंतरी शेत होतं आमचं. विकलं. नक्की कुठं, ते बाबांनाच ठाऊक."

मग तिला वही दिसली. एकेक पान उलटत गेली. एका बाजूला बेरजा, एका बाजूला बाप.

"यांच्यावर लिहिता तुम्ही?"

माझी पोरगी म्हणाली, "आम्ही कागद वाचवतो."

ते अजून सापडले नाहीत. मी अजून पाठकोरे कागद आणते, पण आता कात्री लावायच्या आधी पालथे करून पूर्ण वाचते. त्यांच्या मुलीचा अधूनमधून फोन येतो. दर वेळी हेच विचारते, पाणी प्यायले होते ना? मी म्हणते, हो, ग्लासभर. पोरगी माझ्याकडे बघत असते.

तुम्हीच सांगा. घरात एकटी बाई, लहान पोर, बाहेर अनोळखी माणूस दार वाजवतोय. तुम्ही उघडलं असतं का? आणि नसतं उघडलं, तर त्या बाईला तुम्ही काय सांगितलं असतं?