माझ्या आधी आलेला रिपोर्ट

शाळा माझी नावापुरतीच. इंग्रजी अक्षरं शिकलो ती ट्रकच्या पाट्यांवरून आणि खताच्या गोण्यांवरून. तरी म्हातारपणी रोज इंग्रजीत लिहायची पाळी आली.

मुळशीच्या डोंगरात पाण्याकाठी एक मोठी वसाहत बांधायला काढली होती, ती अर्ध्यावर थांबली. तिथल्या रिकाम्या इमारतींचा मी राखणदार. दिवस मावळायच्या आत फेरी मारायची आणि चौकीतल्या मोबाइलवरून साहेबांच्या ग्रुपवर रिपोर्ट टाकायचा. फेरीची माझी स्वतःची एक खूण होती. डबीतला चुना बोटावर घ्यायचा आणि दाराच्या चौकटीवर छातीच्या उंचीला ठिपका द्यायचा. आदला पुसायचा, नवा लावायचा. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

रिपोर्ट मी सगळा मोठ्या अक्षरांत लिहायचो. सुपरवायझर म्हणजे पुण्याचा पोरगा, तो फोनवर वैतागायचा.

"काका, कॅपिटलमध्ये नका हो लिहू. साहेब विचारतात, हा माणूस ओरडतोय का?"

"साहेब लई लांब हायेत. वरडाय नको व्हय?"

"आणि गेट, टाकी, कुत्रं सगळं एकाच वाक्यात कोंबता. काय बंद आहे न् काय फुटलंय, कळत नाही. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर तुमच्या जागी एजन्सीचा माणूस येणार. आधीच्या काकांचे मेसेज बघा, तसं लिहा."

आधीचा राखणदार उंच होता, कुठल्या तरी हापिसातून रिटायर झालेला. त्याच चौकीत, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याचे मेसेज मी बघितले. सगळे एकसारखे, स्वच्छ.

बावधनला राहणारी माझी सून हापिसात कामाला आहे. तिनं फोनवर शिकवलं, "मामा, एका वाक्यात एकच गोष्ट लिहायची. आणि पाठवायच्या आधी वाचायचं."

"वाचतो की."

"पाठवल्यावर वाचता तुम्ही."

खोटं नव्हतं ते.

मग एक दिवस तापानं घरीच पडून राहिलो. चौकीची किल्ली माझ्या करदोट्याला, मोबाइल आत कुलपात. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणी खायच्या तयारीनं गेलो. कुलूप काढतोय तोवर आत फोन वाजायला लागला.

"काका, कालचा रिपोर्ट एक नंबर! एक चूक नाही."

"काल मी आलोच न्हाई. तापानं फणफणलो हुतो."

"चेष्टा पुरे. तुमच्याच फोनवरून आलाय, रोजच्या वेळेला."

मी एकेक अक्षर लावत वाचलं. गेट बंद आहे. टाकी भरली आहे. सर्व इमारती तपासल्या. प्रत्येक वाक्यात एकच गोष्ट.

फेरीला निघालो. पहिल्या इमारतीच्या चौकटीवरचा माझा ठिपका पुसलेला होता. वर, टाचा उंचावल्या तरी माझं बोट जेमतेम टेकेल अशा जागी, दुसरा ठिपका होता. बोट लावलं. चुना ओला होता. पुढच्या इमारतीवर तसाच, त्याच्या पुढच्या इमारतीवरही तसाच. चुन्याची डबी माझ्या खिशात होती.

मी भित्रा नाही. पण त्या दिवशी जिने उतरताना मागं वळून बघितलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. लहान अक्षरांत, सुनेनं सांगितलं तसा आधी वाचून. खाली जमेल तसं लिहिलं की काल मी नव्हतो, कालचा रिपोर्ट माझा नाही.

सुपरवायझरचा लगेच फोन. "ती ओळ डिलीट करा. कालच्या रिपोर्टवर नोकरी टिकतीय तुमची."

"फेरी माझी, तर रिपोर्ट माझा. त्येचा चांगला वाटत असंल तर त्येलाच ठेवा."

"त्याला म्हणजे कुणाला, काका?"

मी फोन ठेवून दिला. खुर्ची माझ्या शेजारीच होती.

त्या दिवसापासून ग्रुपवर दोन रिपोर्ट जातात. मी माझा पाठवतो, मोबाइल टेबलावर ठेवतो आणि चपला घालेपर्यंत दुसरा गेलेला असतो. माझ्याच गोष्टी, पण नीटनेटक्या. सुपरवायझर माझा काढून टाकतो आणि दुसरा साहेबांना पाठवतो. महिना संपला तरी एजन्सीचा माणूस काही आला नाही. "सुधारलात, काका," तो म्हणाला. माझ्या नावावरचं ते कौतुक मी घेतलं नाही.

आता मी पुन्हा सगळं मोठ्या अक्षरांत लिहितो. साहेबांना ओरडल्यासारखं वाटलं तर वाटू दे. मी ओरडतोच आहे. साहेबांवर नाही.