बायाक्काची मजुरी

वडगावातल्या विणकरांची निम्मी पोरं बायाक्काच्या हातावर जन्मली. मीही त्यातलाच, म्हणून मी तिची बाजू घेणारच. तरुणपणी विधवा झालेली ही बाई एका मिशनच्या डॉक्टरीणबाईंजवळ सहा वर्षं राहून बाळंतपणाचं काम शिकली. पुढं बाई मायदेशी गेल्या. बायाक्का मागासाठी सुताच्या कांड्या भरून दिवस काढू लागली आणि हाक आली की हातातली कांडी टाकून धावू लागली.

सदतीस सालच्या सुमारास शहापुरात बाळंतपणाचा नवा दवाखाना निघाला. नर्स हवी होती, महिना पंधरा रुपये. पण नाव सरकारी नोंदवहीत असलं तरच. परीक्षा न दिलेल्या जुन्या बायकांना एक सवलत होती. याच कामावर पोट भरत आलोय, एवढं सांगायचं. कांड्या भरून बायाक्काची पाठ मोडली होती. तिला ती नोकरी हवीच होती.

शेजारीण अंबुबाईला साक्षीला घेऊन ती कचेरीत गेली. कारकुनानं विचारलं, "एका बाळंतपणाचे किती घेता?"

बायाक्का ताठ बसली. "पैसं? जीव जल्माला आला त्येचं पैसं घेत्यात व्हय? एक छदाम घेतला न्हाय कधी."

अंबुबाईनं चिमटा काढला. "अगं, खण-तांदूळ मिळत्यात ते सांग की!"

"त्यो मान हाय. मजुरी न्हवं."

आमच्याकडं बाळंतपणाला दाम लावणं अशुभ मानत. कारकुनाला त्याचं काय! 'धंदा नाही' असं लिहून तो मोकळा झाला. मला त्याचा राग येतो आणि खरं सांगायचं तर तिचाही येतो. नको तिथं कसला आलाय बाणेदारपणा?

नोकरी परगावच्या शिकलेल्या मुलीला मिळाली. त्यातच, नोंद नसलेल्या बाईला बोलावलं तर पोलीस येतात, अशी आवई उठली. बायाक्काला हाका येणं थांबलं आणि घरात येणारे तांदूळही थांबले.

वर्षभरानं अंबुबाईची सून चंद्राबाई अडली. दवाखान्यातल्या नर्सला घरी बोलवायची फी झेपण्यासारखी नव्हती, म्हणून अंबुबाई भीत भीत बायाक्काकडं आली. दुपारपर्यंत चंद्राबाई सुखरूप सुटली, मुलगा झाला. अंबुबाईनं रिवाजाप्रमाणे खण-तांदूळ पुढं केले.

बायाक्का हात धूत होती. वर न बघता म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. ती नर्स किती घेती गं?"

"पाच रुपये."

"मला एक दे."

अंबुबाईनं रुपया आणून दिला. बायाक्कानं तो कनवटीला लावला आणि एरवीसारखं बाळाला मांडीवर न घेताच ती निघून गेली.