ग्लेन वेव्हर्लीचा गळका रेडिएटर

लॉकडाउनमध्ये बाहेर काही घडतच नव्हतं, त्यामुळे सगळं घरात घडायचं. मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीतल्या आमच्या जुन्या, भाड्याच्या घरात आम्ही तिघं: मी, माझा हाउसमेट प्रसाद आणि त्याची आई. काकू पुण्याहून थोड्या दिवसांसाठी आल्या आणि विमानं बंद झाल्यावर अडकल्या. त्यांना दमा. ऐन जुलैच्या थंडीत त्यांच्याच खोलीतला रेडिएटर, म्हणजे बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारं ते भिंतीवरचं धूड, गळायला लागला. एका रेडिएटरने किती किस्से द्यावेत, याला काही मर्यादा!

* * *

त्याचा व्हॉल्व्ह गंजून अडकला होता, म्हणून अख्ख्या घराचा बॉयलर बंद करावा लागला. भिंतींना हात लावला तरी कळ यायची.

प्रसादने घरमालकाच्या एजंटला फोन केला. तिकडून प्रश्न आला, "आर यू गाइज मॅनेजिंग?"

"यस यस, वुई आर मॅनेजिंग!"

झालं. काम 'नॉट अर्जंट'मध्ये गेलं.

मी किंचाळले, "प्रसाद, तुझी आई दोन स्वेटर घालून कुडकुडतेय!"

"अगं, तो बिचारा चौकशी करत होता. एकदम तक्रार कशी करायची?"

* * *

दुसऱ्या वेळी प्रसाद धीर करून म्हणाला, "या आठवड्यात प्लंबर पाठवाल?"

"येआ, नाह, मेट."

प्रसाद उड्या मारत बाहेर आला. "येस म्हणाला!"

आठवडा गेला, कोणी फिरकलं नाही. एजंट नेमकं काय बोलला ते मी खोदून विचारलं आणि कपाळावर हात मारला. इथे आधी 'हो' म्हणतात आणि मग खरं उत्तर देतात!

काकू शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आपलं 'बघतो, करतो'च की."

* * *

मग मी मैदानात उतरले. भाडेकरूंचे हक्क, घरमालकाची जबाबदारी, सगळं वाचून काढलं आणि काकूंच्या दारात उभं राहून तावातावाने ऐकवलं. माणसाला ऊब मिळणं ही मेहेरबानी नव्हे, वगैरे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "छान बोलतेस गं. आता तेवढं रेडिएटरखालचं पातेलं रिकामं करून आण, भरलंय."

* * *

घरात एक छोटा इलेक्ट्रिक हीटर होता. तो आणि किचनमधली केटल एकदम चालू झाली की फ्यूज उडायचा, आणि फ्यूज उडाला की प्रसादची ऑफिसची मीटिंग तुटायची.

एकदा दुपारी काकूंच्या खोलीत गेले तर हीटर बंद. काकू पांघरुणात, ओठ निळसर.

"काकू, हीटर का बंद केलात?"

"हळू बोल. तो साहेबांशी बोलतोय. कुणी चहा ठेवला तर?"

* * *

शेवटी मीच एजंटशी भांडले आणि प्लंबर ठरला. निघण्याआधी त्याने फोन केला. "घरात कुणी आजारी नाही ना?"

"नो, नो!" प्रसाद म्हणाला. आणि मागून काकूंना खोकल्याची अशी उबळ आली की थांबेचना.

प्लंबरने ते ऐकलं. मग, "कोविडची टेस्ट करा, मेट. मग बघू."

टेस्ट केली. निगेटिव्ह आली. तोवर प्लंबर दुसऱ्या कामात अडकला होता.

प्रसाद मेसेज दाखवत म्हणाला, "आई, निगेटिव्ह!"

"बरं झालं. आता हे फुप्फुसांना कळव."

* * *

त्याच आठवड्यात एका सकाळी काकूंना श्वास घेता येईना. अँब्युलन्स आली. सोबत कुणाला जाऊ दिलं नाही. प्रसाद मोज्यांवरच फुटपाथवर उभा राहिला.

काकू हॉस्पिटलमध्ये असतानाच प्लंबर आला. जुना रेडिएटर उचकटून नवा पांढराशुभ्र बसवला. बॉयलर सुरू झाला, घर हळूहळू तापलं. पुढे काही दिवसांनी काकूंचा ऑक्सिजन निघाला आणि नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला.

प्रसादने फोन नव्या रेडिएटरसमोर धरला. "आई, बघ! नवा बसवलाय! डॉक्टर म्हणालेत, उद्या घरी सोडतील!"

काकूंनी एकदा नर्सकडे पाहिलं, फोन तोंडाजवळ घेतला आणि कुजबुजल्या,

"अरे, इथे अंगावर नुसती चादर पुरते रे. डॉक्टरांना सांग ना, तिला अजून बरं वाटत नाहीये."