दुसऱ्या जोडणीखाली वाकताना

दोन ट्रेलरची गाडी शिकवताना मी आधी हात आळशी करायला शिकवतो. स्टिअरिंगवर आपण जे करतो ते मागे पोचेपर्यंत वाढत जातं. ड्रायव्हरनं हात बोटभर हलवला, तर पहिला ट्रेलर खांदा हलवतो आणि दुसरा कंबर. घाईनं वळवलं की आधी तोच आडवा होतो, आणि पुढे बसलेल्याला आरशात दिसेपर्यंत फार काही करण्यासारखं उरत नाही. म्हणून रस्त्यावर मांजराएवढा पॉसम आला तर पॉसमनं स्वतःचं बघावं. आपण गाडी सरळ ठेवायची, वेग वळणाआधी उतरवायचा, वळणात ब्रेकला हात-पाय लावायचे नाहीत. वळणापाशी पिवळ्या पाटीवर जो आकडा असतो तो मोटारवाल्यांसाठी. आपण त्याहून बरंच खाली.

या गाडीला इथे बी-ट्रेन म्हणतात. पुढे ट्रक, त्याच्या पाठीवर पहिला ट्रेलर आणि पहिल्याच्या शेपटीवर दुसरा. म्हणजे जोडण्या दोन. प्रत्येक जोडणीत ग्रीस माखलेली एक जाड लोखंडी तबकडी, तिच्यात जबडा, आणि त्या जबड्यात ट्रेलरची पिन. जबडा नीट मिटलाय का हे खाली वाकून, टॉर्च मारून बघावं लागतं. वरून सगळं ठीकच दिसतं. मग ट्रेलरचे ब्रेक लावून ठेवायचे आणि ट्रकनं हलकेच ओढून बघायचं. सुटायचं असेल तर ते यार्डात सुटावं, डोंगरउतारावर नको.

मी ओटाहुहूच्या एका यार्डातून बरीच वर्षं ही गाडी चालवतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, मराठी मंडळी जमतात तिथे दर वेळी कुणीतरी आवाज खाली करून विचारतं, "अजून ट्रकच का?" जणू मी मध्ये कधीतरी बरा व्हायला हवा होतो. मी हो म्हणतो आणि श्रीखंड घेतो.

यार्डात दर सोमवारी सुरक्षेची बैठक असते. मॅनेजर येतो तो घडीच्या रेघा न मोडलेलं चकचकीत पिवळं जाकीट घालून. पडद्यावर चित्रं दाखवतो. सुरक्षा ही आपली संस्कृती आहे, असं सांगतो. बरेच दिवस कुणी काही आपटलं नाही तर केकही असतो. मला केकबद्दल तक्रार नाही. पण मॅनेजर ज्या उत्साहानं 'संस्कृती' हा शब्द उच्चारतो, तो उत्साह मी लहानपणी सत्कार समारंभांत ऐकलेला आहे आणि तेव्हापासून माझे कान सावध आहेत. आमच्या घरी वडिलांनी पाया पडण्याची पद्धत बंद केली होती. हार, शाल, नारळ, व्यासपीठावरची खुर्ची, या सगळ्याकडे संशयानं बघावं, हे आम्हाला जेवणाबरोबर वाढलं जायचं. आपल्याला मान लागत नाही, अशी त्यामुळे माझी पक्की समजूत होती.

गेल्या वर्षी माझ्याकडे शिकायला आली ती नागपूरची, चाळिशीच्या अलीकडची. एका ट्रेलरची गाडी ती दोन वर्षं रात्रपाळीत चालवत होती. लायसन्स होतं, दोन ट्रेलरसाठी यार्डातल्या जुन्या ड्रायव्हरची सही लागते, ती हवी होती. पहिल्या दिवशी मला 'सर' म्हणाली. मी म्हटलं, इथे मॅनेजरलाही कुणी सर म्हणत नाही. मग 'दादा'वर तडजोड झाली. दोघंही बौद्ध घरातले निघालो. तिच्या वडिलांनीही पाया पडणं बंद केलं होतं. त्यावरून आमचं बरं जमलं.

तिला सहीची घाई होती आणि कारण तिनं लपवलं नाही. तिची आई नागपूरहून मनुरेवाला तिच्याकडे राहायला आली होती, व्हिसा होता तोवर. नवरा वेलिंग्टनला कामाला, फक्त शनिवार-रविवारी येणारा. ही रात्री ट्रकवर गेली की आई घरात एकटी. दिवे लावून बसून राहायची. शेवटी आईनं सांगितलं होतं, तिकीट बदल, मी आधीच जाते. त्याच सुमारास तौरंगाची दिवसाची फेरी मोकळी होणार होती. सकाळी निघायचं, काइमाई डोंगर ओलांडून बंदरात जायचं, संध्याकाळी घरी. पण ती फेरी दोन ट्रेलरची.

गाडी ती छान चालवायची. सुरुवातीला नागपूरच्या स्कूटरचे संस्कार होते. समोर काही आलं की हात आपोआप हलायचे. ते गेले. काइमाईच्या उतारावर गिअर आधीच खाली घ्यायची. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवायची की मोटारवाले मध्ये घुसायचे. ते घुसले की न चिडता पुन्हा तेवढं अंतर सोडायची. न चिडणं हे या कामातलं मोठं कौशल्य आहे आणि ते मलाच अजून पुरतं आलेलं नाही.

चाचणी मंगळवारी होती. गाडी आधी मी जोडून ठेवली, कारण प्रत्यक्षातही बऱ्याचदा गाडी दुसऱ्यानं जोडलेली मिळते. ती आली आणि फेरी मारायला लागली. टायर, दिवे, हवेचे पाइप, मालाचे पट्टे, पहिली जोडणी, सगळं बघितलं. दुसऱ्या जोडणीपाशी मी हाताचं ग्रीस पुसत उभा होतो.

"हे बघितलं का दादा?"

"बघितलं."

ती पुढे गेली. मागचे दिवे बघितले, केबिनमध्ये चढली, पट्टा लावला. गाडी ओढूनही बघितली नाही. मी सापळा लावला नव्हता. तिनं विचारलं, मी खरं ते सांगितलं. जोडणी पक्की होती.

मी म्हटलं, "उतर."

"काय राहिलं?"

"मागची जोडणी."

"तुम्ही बघितली ना आत्ता?"

"मी बघितली. चालवणार कोण?"

ती खाली आली. चेहरा उतरलेला, पण आवाज ठाम. "दादा, तुम्ही समोर उभे आहात, सांगताय की बघितलं. आणि मी तुमच्या देखत खाली वाकून परत बघायचं? म्हणजे तोंडावर तुम्हाला खोटं पाडल्यासारखं. कसं करणार?"

"माझ्या जागी आपल्या यार्डातला तो दाढीवाला गोरा ड्रायव्हर असता तर?"

तिनं प्रामाणिकपणे विचार केला. "त्याच्यानंतर परत बघितलं असतं. त्याला काय वाटायचंय."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा, हे ऐकत आम्ही दोघं वाढलो. पाया पडणं दोन्ही घरांतून हद्दपार झालं होतं. आणि इथे, जगाच्या या टोकाला, दोन ट्रेलरच्या मध्ये, ते वेगळ्या रूपात हजर होतं. वाकणं टाळून ती मला मान देत होती. पलीकडच्या लेनमधून उद्या कुणी बायको-मुलांना घेऊन जात असेल, त्याचं या मानाशी काय देणंघेणं?

मी सही केली नाही.

यार्डातली डिस्पॅचर सामोअन आहे, मोठ्या आवाजाची, मोठ्या मनाची. फेऱ्या वाटणं तिचं काम. तिनं मला खिडकीपाशी गाठलं.

"गाडी नीट जोडलेली होती?"

"होती."

"मग?"

"तिला ते माहीत नव्हतं."

"ब्रो, तू फार पुस्तकं वाचतोस." मग म्हणाली, "शुक्रवारपर्यंत थांबते. नंतर फेरी दुसऱ्याला. मलाही वर उत्तर द्यावं लागतं."

बुधवारी संध्याकाळी माझं त्यांच्याकडे जेवण होतं. आमंत्रण चाचणीच्या आधीचं. रद्द करावं का, असा विचार मी केला. तिनंच मेसेज पाठवला, 'या, आईनं पाटवड्या केल्यात.' गेलो. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त. मी त्यांना बाई म्हटलं. त्यांनी ताट वाढलं, रस्सा वाढला, समोर बसल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या,

"काहून जी भाऊ, नापास केलं म्हणे माह्या पोरीले?"

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आई!"

"तू थांब. गाडी तं बराबर होती म्हणते हे. मंग चूक काय?"

"तिनं जोडणी बघितली नाही, बाई."

"तुमी पाह्यली होती नं?"

"हो."

"म्हंजे तुमच्यावर भरोसा ठेवला, थे चूक."

मी पाटवडी मोडत राहिलो. रस्सा अस्सल तिखट होता, त्यामुळे डोळ्यांत पाणी यायला सबळ कारण होतं.

"मोठ्या माणसाच्या शब्दावर शंका घेऊ नाई, हे मीच शिकवलं तिले. मलेच नापास करा."

"बाई, गाडीला लहान-मोठं कळत नाही."

"गाडीले नाई कळत, तुमाले तं कळते." त्यांनी आणखी एक पाटवडी वाढली. "खा. नापास केलं म्हणून पाव्हण्याले उपाशी नाई ठेवत आमी."

मग आवाज खाली आला. "हे रात्री जाते. मी दिवे लावून बसतो म्हणा ना. इकडं कुत्रंबी भुकत नाई हो. नुसतं शांत. दार वाजलं असं वाटते आन् कोणी नसते."

मुलगी जाकीट घालून कामाला निघाली. आईनं दारात उभं राहून गाडी वळेपर्यंत बघितलं. मीही निघालो. घरी जाताना मनात आलं, सही करून टाकावी. चालवते चांगलं, आणि हा धडा ती विसरणार नाही. मग हेही मनात आलं की सगळ्या वाईट सह्या अशाच चांगल्या कारणांनी होतात. या विचारात थोडा भाषणाचा वास आला, म्हणून रेडिओ लावला.

गुरुवारी दुपारी, तिची झोप झाल्यावर, दुसरी चाचणी. गाडी पुन्हा मी जोडली. ती आली, तेव्हा तिनं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "सगळं झालंय. दोन्ही जोडण्या मी बघितल्यात."

ती म्हणाली, "बाजूला व्हा दादा."

टॉर्च घेऊन ती दुसऱ्या जोडणीखाली वाकली. वाकलेलीच राहिली. जबडा बघितला, पिन बघितली, तबकडी आणि ट्रेलरच्या मध्ये फट आहे का ते बघितलं, लॉकच्या दांड्याला हात लावला. आणि मला राग आला. खरोखर आला. 'बघितलं म्हटलं ना,' हे शब्द जिभेवर येऊन थांबले होते. ज्या गोष्टीसाठी तिला परत पाठवलं, तीच ती करत होती आणि ती मला टोचत होती. मान लागत नाही म्हणणाऱ्याला मान मिळायची इतकी सवय असू शकते, हे मला त्या ग्रीसच्या वासात उभं राहून कळलं. मंगळवारी तिला माझं मन जेवढं कळलं होतं, तेवढं मला नव्हतं.

तिला काही सापडलं नाही. सापडलं असतं तर सांगायला गोष्ट झकास झाली असती. तिनं ब्रेक लावून गाडी ओढून बघितली. मागचा ट्रेलर जागचा हलला नाही.

काइमाईवर पाऊस होता. चढ संपून उतार लागला तिथे एक पुकेको, इथली निळी पाणकोंबडी, कडेच्या गवतातून लाल पाय टाकत रस्त्यावर आला आणि मध्येच उभा राहून विचार करू लागला. तिचे हात हलले नाहीत. पाय फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरून उठला. पुकेकोनं निर्णय घेतला आणि परत फिरला. आरशात मागचा ट्रेलर आमच्यामागून सरळ रेषेत येत होता.

तौरंगाला बंदराबाहेर थांबलो तिथे मी सही केली. ती धन्यवाद म्हणाली नाही. चहाचा कप धरून म्हणाली, "उद्या मी जोडलेली गाडी तुम्हाला मिळाली तर?"

"बघीन."

"मी समोर उभी असले तरी?"

"तरी."

"मला राग येईल."

"येईल. मलाही आला आज."

तिनं माझ्याकडे बघितलं, चहा संपवला आणि टॉर्च घेऊन उठली.

दिवसाची फेरी तिला मिळाली. काही आठवड्यांनी रविवारी तिच्या आईचा मला फोन आला.

"भाऊ, हे काय शिकवलं जी पोरीले? मी मागचं दार लावलं म्हटलं, तरी उठते आन् हात लावून पाहून येते. शेगडी बंद केली म्हटलं, तेबी पाहते. माह्याच घरात माह्यावर भरोसा नाई!"

"वाईट वाटतं का बाई?"

"वाटते नं. नाई कसं वाटीन?" मागे कुणीतरी भांडी लावत होतं. "पण संध्याकाळी घरी असते तवाच तं पाहते."

तिकिटाचं मी भीतभीत विचारलं.

"जाईन नं, व्हिसा सरला की," त्या म्हणाल्या. "आत्ताच काय घाई हाय?"