जेवलात का, असं साहेबांनीही विचारलं

मित्रहो, अजून डोकं तापलेलं आहे.

माझी नात सायली चिनी भाषा शिकली आहे. आज मुरबाडच्या एका कारखान्यात दुभाष्याच्या नोकरीसाठी तिची मुलाखत होती. सोबत मीही होतो.

तिथल्या चिनी इंजिनियरने मुलाखत घेणाऱ्या, आमच्याच डोळखांब गावच्या साहेबांना हसून काहीतरी विचारलं. सायली म्हणाली, "साहेब, ते तुमची विचारपूस करतायत."

साहेबांनी भाषांतर दाखवणारा मोबाइल नाचवला. "'छ्र' म्हणजे खाणे! खाल्लं का, असं विचारलंय त्याने. एवढंही येत नाय तुला?"

नोकरी गेली. शाळेत कविता शिकवताना गुरुजी आम्हाला शब्दाच्या आत डोकावायला सांगत. इथे मोबाइलच गुरुजी!

निघताना तेच साहेब मला म्हणाले, "काय बाबा, जेवलाव का?"

सकाळचे दहा वाजले होते. सांगा, त्यांनी माझं जेवण विचारलं, की माझी विचारपूस केली?