मॅडमच्या टाकीतलं रोप

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला ‘कमवा आणि शिका’मधून वनस्पतिशास्त्र विभागात काम मिळालं. काम होतं म्हणून वसतिगृह होतं आणि वसतिगृह होतं म्हणून कॉलेज होतं. आमच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजला गेलेलं नव्हतं. त्यामुळे काम सुटलं तर पुढे काय करतात, हे विचारायलाही कोणी नव्हतं.

विभागात खिडकीपाशी माशांची काचेची टाकी होती. तिच्यात विभागप्रमुख मॅडमनी स्वतःच्या घरून आणलेलं अनुबियसचं रोप होतं. जाड, गर्द पानांचं, पाण्याखाली वाढणारं, लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधलेलं. पानांच्या कडांना काळं, केसांसारखं शेवाळ धरलं होतं.

“तुमची शेती आहे ना?” मॅडम म्हणाल्या. “मग हे तूच कर. अकरा पानं आहेत. पुढच्या वर्षी या कामासाठी तुझं नाव द्यायचं का, ते हे रोप बघून ठरवू.”

आमची शेती दौलताबादच्या पलीकडे आहे, अद्रकीची. पाण्याखालचं मला काही येत नव्हतं. पण हे सांगायच्या आत मी “हो मॅडम” म्हणून बसले होते.

कृती मॅडमनी कागदावर लिहून दिली. रोप बाहेर काढणे. मऊ ब्रशने पानं घासणे. ब्लीचच्या अगदी पातळ पाण्यात दोन मिनिटं बुडवणे. साध्या पाण्यात तीनदा धुणे. परत लावणे. मी प्रयोगशाळेचं स्टॉपवॉच घेतलं आणि दातांचा नवा ब्रश आणला. दोऱ्यातही शेवाळ होतं म्हणून दोरा कापून टाकला. विभागातले शिपाई, ज्यांना सगळे चाचा म्हणत, ते शेजारी येऊन उभे राहिले.

“हौले हौले, बेटा. पत्ता है वो, कढई नहीं.”

“चाचा, निघतच नाहीये.”

“कैसे निकलेगा? मेरे से जियादा सर्विस हो गई उसकी इधर.”

दोन तासांनी अकरा पानं स्वच्छ झाली. राहिलं होतं परत लावणे. कागदावर याबद्दल एवढे दोनच शब्द होते, आणि ते मला येत होतं. रोपाला आडवा, बोटाएवढा कंद होता, आणि तो आतापर्यंत लाकडावर उघडाच पडलेला होता. आमच्याकडे कंद उघडा दिसला तर दादा, म्हणजे माझे वडील, जेवत नाहीत. “कंद उघडा पडला की हिरवा पडतो. मग मालाला कोन इचारतंय?” असं ते दर हंगामात म्हणतात. मी टाकीतली वाळू उकरून कंद आत ठेवला, अंगठ्याने दाबला आणि वरून वाळूची भर लावली. आठ दिवसांनी वाळू थोडी सरकलेली दिसली, म्हणून पुन्हा भर लावली.

मग एक पान सुटून वर आलं. दुसऱ्या दिवशी अजून दोन.

“तू ने तोडा?” चाचांनी विचारलं.

“नाही, मी हात पण नाही लावला.”

“फिर रोती कायकू? शहागंज में मिलता है. दूसरा लाके चुपचाप लगा दे.”

“मॅडमना कळेल.”

“साठ पोरं का हजेरी लेते वो, पत्तों का थोडी लेते?”

मॅडमनी पानं मोजलेली होती, हे मी चाचांना सांगितलं नाही. शनिवारी शहागंजला गेले. माशांच्या दुकानात अगदी तसंच रोप होतं. मी ते दोनदा मोजलं. अकरा पानं. दुकानदाराने पिशवीत पाणी भरता भरता सांगितलं, “लकडी पे बांधना, ताई. गड्डा रेती में नक्को दबाना, सड जाता.”

मी विचारलं, “आणि दाबला असेल तर?”

“कित्ते दिन हुए?”

मी सांगितलं. त्याने पिशवी भरणं थांबवलं आणि माझ्याकडे, लोक आजारी माणसाच्या नातेवाइकाकडे बघतात तसं बघितलं. नवीन रोप घेऊन टाकीत ठेवता आलं असतं. पण जुन्याचा जीव अजून पुरता गेला नसावा, आणि तो कसा वाचवायचा हे फक्त मॅडमना माहीत असणार, असं मला वाटलं. नवीन रोप दुकानातच ठेवून मी कॉलेजात परत आले. मॅडम निघायच्या तयारीत होत्या.

“मॅडम, मी तुमचं रोप गाडलं.”

“गाडलं?”

“अद्रकीसारखं. भर पण लावली.”

मॅडमनी वाकून टाकीत बघितलं. मग म्हणाल्या, “भर पण?”

“दोनदा.”

त्यांनी पर्स ठेवली, बाह्या वर केल्या आणि रोप बाहेर काढलं. कंद मऊ पडला होता, वासही येत होता. ब्लेडने त्या एकेक चकती कापत गेल्या, आतून टणक, हिरवं लागेपर्यंत. शेवटी पेराएवढा तुकडा उरला, त्याला तीन पानं. तो त्यांनी माझ्याकडून लाकडावर बांधून घेतला. गाठ तीनदा सोडायला लावली.

“सोमवारी आली असतीस तर हाही गेला असता,” एवढंच त्या म्हणाल्या.

महिन्याभराने चौथं पान आलं. पुढच्या वर्षाच्या फॉर्मवर कामाच्या रकान्यात मी ‘शेवाळ काढणे’ असं लिहिलं होतं. मॅडमनी त्यापुढे ‘व वेळेवर कळवणे’ असं जोडून सही केली. ऑफिसातल्या क्लार्कने विचारलं, हे काय नवीन? मी म्हणाले, तेही माझ्याकडेच आहे.